सुट्ट्यांत वेगळंच नाणं आलं? विकण्याआधी, फेकण्याआधी हे बघून घ्या

नांदेड/लातूर : रात्री दुकान बंद करताना गल्ला मोजायला घेतला की एखादं नाणं बोटाला वेगळंच लागतं. दहाचं म्हणावं तर त्यावर सिंह नाहीत, पाचचं म्हणावं तर फारच जाड. कधी एसटीत कंडक्टरनं परत केलेल्या सुट्ट्यांत निघतं, कधी माहूरला ओटी भरून आल्यावर पिशवीच्या तळाशी, कधी माळेगावच्या यात्रेतल्या पाळणेवाल्याकडून. मग घरातलं एखादं पोरगं मोबाईलवर शोधतं आणि सांगतं, "आबा, हे तर लाखाचं हाय!"

इथूनच दोन प्रकारचं नुकसान सुरू होतं. एक तर 'लाखाच्या' नाण्यासाठी अनोळखी माणसाला फोन लावला जातो आणि नाणं घरातच राहतं, खात्यातले पैसे मात्र जातात. नाहीतर उलटं होतं. ज्या नाण्यात खरोखर तोळ्याच्या आसपास चांदी आहे, ते 'जुनं आहे, चालत नाही' म्हणून खेळण्यात जातं किंवा मोडीत मिळेल त्या भावानं दिलं जातं. दोन्ही टाळायचं तर आधी नाणं ओळखता आलं पाहिजे, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. डोळे, एक लोहचुंबक आणि सराफाचा वजनकाटा एवढ्यावर नव्वद टक्के काम होतं.

सिंह आहेत का ते आधी बघा

स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर अशोकस्तंभाचे सिंह असतात आणि बहुतेकांवर 'भारत' हे नाव देवनागरीत असतं. हे दोन्ही असेल तर नाणं आपलंच. ते चालतं का, एवढाच प्रश्न उरतो. २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून व्यवहारातून बाद झाली. पन्नास पैशाचं नाणं मात्र कायद्यानं आजही चालू आहे. आठवडी बाजारात ते कोणी घेत नाही ही गोष्ट वेगळी. नाणी कायदा २०११ प्रमाणे पन्नास पैशांची नाणी एका वेळी दहा रुपयांपर्यंत आणि रुपया व त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंत कायदेशीर देणं म्हणून देता येतात.

खरा गोंधळ आहे तो दहा रुपयांच्या नाण्याचा. "हे चालंना गेलंय मामा, दुसरं द्या," हे वाक्य गंजगोलाईत ऐका नाहीतर वजिराबादेत, सारखंच. कोणी म्हणतं, दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं. कोणी म्हणतं, रुपयाचं नवं चिन्ह नाही म्हणजे नकली. रिझर्व्ह बँकेनं १७ जानेवारी २०१८ ला पत्रक काढून सांगितलं की तोवर दहा रुपयांची १४ वेगवेगळ्या रचनांची नाणी काढलेली आहेत आणि ती सगळीच्या सगळी चालतात. त्यासाठी १४४४० हा टोल-फ्री क्रमांकही दिला होता. रुपयाचं चिन्ह सरकारनं २०१० मध्ये स्वीकारलं आणि नाण्यावर ते २०११ पासून आलं, त्यामुळे त्याआधीच्या दहाच्या नाण्यावर ते असण्याचा प्रश्नच नाही. एकाच किमतीची इतकी रूपं बाजारात सोडली की लोक गोंधळणारच. यात गावातल्या दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही.

नकली दहाचं नाणं देशात कुठं पकडलंच गेलं नाही, असंही नाही. पण त्याची ओळख रेघा मोजून होत नाही. खरं नाणं २७ मिलिमीटर रुंदीचं आणि ७.७१ ग्रॅम वजनाचं असतं. बाहेरचं पिवळं कडं आणि आतली पांढरी चकती एकमेकांत घट्ट बसलेली असतात, सांध्यावरून नख फिरवलं तर फट लागत नाही. अक्षरं बुळबुळीत, पसरट दिसली आणि वजनही कमी भरलं, तरच शंका घ्यावी.

बँकेनं नाणी घ्यायची नाहीत, असंही काही नाही. सर्व किमतींची नाणी स्वीकारावीत, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना सगळ्या शाखांना आहेत. शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या करून नेल्या तर कॅशिअरचंही काम हलकं होतं. तरीही नाहीच घेतली तर बँकेकडं लेखी तक्रार करावी, आणि तिथं दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

छत्रपती, ज्ञानेश्वर, तुकाराम

सिंह आहेत, 'भारत' आहे, पण मागच्या बाजूला नेहमीच्या आकड्याऐवजी कोणाचा तरी चेहरा आहे, तर ते स्मारक नाणं. एखाद्या व्यक्तीच्या जयंती-पुण्यतिथीला किंवा एखाद्या घटनेच्या निमित्तानं सरकार अशी नाणी काढतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचा रुपया १९९० चा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचं अकरा कोनांचं दोन रुपयांचं नाणं आणि संत ज्ञानेश्वरांचा रुपया, दोन्ही १९९९ ची. संत तुकारामांचा रुपया २००२ चा, लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं २००७ चं. बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीचं दहा रुपयांचं नाणं २०१५ मध्ये आलं. यातली नाणी अजूनही हातात येतात आणि अनेक घरांत देवघरात जपून ठेवलेली असतात. ठेवायला सुरेख आहेत, पण ती मोठ्या संख्येनं पाडलेली असल्यामुळे वापरून झिजलेल्या नाण्याला संग्राहक फारसं जास्त देत नाहीत.

वैष्णोदेवीच्या नाण्याचंही हेच आहे. २०१२ मध्ये श्राइन बोर्डाच्या रौप्य महोत्सवाला पाच आणि दहा रुपयांची नाणी निघाली. 'हे नाणं असेल तर दहा लाख मिळवा' असे जे मेसेज फिरतात त्यात बहुतेक वेळा फोटो याच नाण्याचा असतो. ट्रॅक्टरचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नोटेचीही तीच कथा.

अंगठा दाखवणारा रुपया आणि दोन बोटांचं दोन रुपयांचं नाणं पाहून अनेकांना ते खेळण्यातलं वाटतं. तीही खरीच आहेत, २००७ पासूनच्या नृत्यमुद्रा मालिकेतली. चार रेघांच्या फुलीचं दोन रुपयांचं नाणं त्याच्या थोडं आधीचं. जुनं जाडजूड पाचचं नाणं तांब्या-निकेलचं आणि ९ ग्रॅमचं होतं. त्यातल्या धातूची किंमत चढली तेव्हा ती नाणी वितळवून दाढीच्या पात्यांसाठी सीमेपलीकडं नेली जात असल्याच्या बातम्या तेव्हा गाजल्या होत्या. नंतर सरकारनं ६ ग्रॅमची हलकी नाणी आणली. चालू नाणी वितळवणं कायद्यानं गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे मोडवाल्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

खरंच वेगळं नाणं शोधायचं असेल तर एक सोपी परीक्षा आहे. सिंह सरळ धरा आणि वहीचं पान उलटावं तसं नाणं उलटा. मागचा आकडाही सरळच दिसला पाहिजे. तो तिरका किंवा उलटा आला तर टाकसाळीत साचा फिरलेला आहे. अशा चुकीच्या नाण्याला संग्राहक थोडे जास्त पैसे देतात. थोडे म्हणजे थोडेच, लाख नाही.

सालाखालचा तारा

आता सालाच्या खाली बघा. तिथं बारीकशी खूण असते, ती टाकसाळीची. शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असेल तर नाणं मुंबईचं. गोल टिंब असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. आणि तारा असेल तर हैदराबादचं. नांदेड-लातूरकडं ताऱ्याची नाणी सहज सापडतात.

हैदराबादची टाकसाळ १८०३ मध्ये सुरू झाली ती निजामाची शाही टाकसाळ म्हणून. १९५० मध्ये ती भारत सरकारकडं आली आणि १९९७ मध्ये सैफाबादच्या जुन्या इमारतीतून चेर्लापल्लीला हलली. म्हणजे आज खिशात असलेलं ताऱ्याचं नाणं आणि आजीच्या चंचीत निघालेलं चारमिनारचं नाणं ही दोन्ही एकाच टाकसाळीची लेकरं आहेत.

चारमिनारचं नाणं

मराठवाड्यात 'हे कुठलं नाणं?' असा प्रश्न ज्या नाण्याबद्दल सर्वात जास्त पडतो ते हेच. खिशातल्या सुट्ट्यांत ते क्वचितच येतं. उतरंडीतून, कणगीच्या तळातून, माळवद उतरवताना भिंतीच्या खणातून निघतं, आणि मग कोणीतरी ते चार जणांना दाखवायला खिशात घालून फिरतं.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचं चलन वेगळं होतं. लोक त्याला हाली सिक्का म्हणत, सरकारी नाव उस्मानिया सिक्का. इंग्रजी राजवटीचा राजाच्या तोंडाचा रुपया तो कलदार. जुन्या माणसांच्या बोलण्यात 'हाली का कलदार?' हा प्रश्न अजून येतो, कारण दोन्हींची किंमत सारखी नव्हती.

चारमिनारचं चित्र नाण्यावर आलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, यंत्रावर नाणी पाडायला लागल्यावर, सहाव्या निजामाच्या म्हणजे मीर महबूब अली खान यांच्या काळात. १९११ मध्ये ते वारले आणि मीर उस्मान अली खान गादीवर आले. चित्र तेच राहिलं, एक अक्षर बदललं. चारमिनारच्या मधल्या कमानीत नीट पाहिलं तर एक बारीक उर्दू अक्षर दिसतं. गोल गाठ आणि खाली शेपटी असेल तर तो 'मीम', म्हणजे महबूब अलींचं नाणं. इंग्रजी तीनचा आकडा उलटा काढल्यासारखं दिसलं तर तो 'ऐन', म्हणजे उस्मान अलींचं. भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा जवळ धरून फोटो मोठा करावा, लगेच कळतं.

मागच्या बाजूला फारसीत किंमत, टाकसाळीचं नाव आणि निजामाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष ते असतं. 'फर्खुंदा बुनियाद हैदराबाद' असा शहराचा मानाचा उल्लेख तिथं आहे. हे वाचायला गावातल्या उर्दू शाळेतल्या गुरुजींची मदत घ्यावी. दोन मिनिटांचं काम आहे.

साल मात्र कोणालाही वाचता येतं. ते चारमिनारच्या बाजूला असतं आणि हिजरी असतं. अक्षरं उजवीकडून डावीकडं जातात, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून वाचायचे. एक म्हणजे उभी रेघ. पाच पानाच्या आकाराचा. सात म्हणजे वर तोंड उघडलेला कोन, आठ म्हणजे तोच कोन उपडा. शून्य म्हणजे नुसता ठिपका. दोन, तीन आणि चार यांत घोळ होतो, तिथं घाई करू नये.

निजामकाळातल्या जमिनीच्या कागदांवर फसली साल असतं आणि त्यात ५९० मिळवले की इंग्रजी साल येतं, हे इकडं बऱ्याच जणांना तोंडपाठ आहे. तो हिशोब इथं लावू नका. हिजरी वर्ष चांद्र आणि छोटं असतं. म्हणून आधी शेकडा तीन वजा करायचे आणि मग ६२२ मिळवायचे. नाण्यावर १३४३ असेल तर त्यातले साधारण ४० गेले, राहिले १३०३. त्यात ६२२ मिळवले की १९२५. म्हणजे नाणं १९२४-२५ चं.

आता चांदीचं बघू. हाली रुपयाचं वजन ११.१८ ग्रॅम आणि त्यात शेकडा ८१.८ चांदी. म्हणजे शुद्ध चांदी भरते साधारण ९.१४ ग्रॅम. कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, शेकडा ९१.७ चांदीचा, म्हणजे १०.६९ ग्रॅम. एकाला दुसऱ्यानं भागा. शंभर कलदारांत जेवढी चांदी, तेवढी मिळवायला सुमारे ११७ हाली रुपये लागतात. १९५० मध्ये भारतीय रुपया इथं सुरू झाला तेव्हा सरकारी दर ठरला सात हाली म्हणजे सहा भारतीय, आणि तो हिशोब येतो ११६.६७ वर. आजोबा-पणजोबा बाजारात जो 'बट्टा' धरत, तो कोणाच्या मर्जीवर नव्हता, चांदीच्या वजनावर होता. हाली नाणी पुढं १९५९ मध्ये अधिकृतरीत्या बाद झाली.

यात एक खाचखळगा आहे. दुसऱ्या महायुद्धात चांदी महागली आणि दोन्हीकडच्या रुपयांतली चांदी निम्म्यावर आली. १९४० नंतरच्या कलदारात आणि हिजरी १३६१ पासूनच्या हाली रुपयात शेकडा ५० चांदी. सगळ्यात शेवटची हाली चवली-पावली-अधेली तर निकेलची. म्हणून सराफाकडं जाताना साल वाचून जावं, आणि त्याआधी घरीच चुंबक लावून बघावं. चांदीला चुंबक ओढत नाही, निकेलला ओढतो. १९४७ चा वाघाच्या चित्राचा रुपयाही निकेलचाच आहे आणि तो चुंबकाला चिकटतो. पुष्कळ जणांना तो चांदीचा वाटतो.

जुनी माणसं नाणं दगडावर वाजवून घेत. चांदीचा बंदा रुपया लांबवर घुमतो, शिसं मिसळलेला बद् वाजतो. आजही ही परीक्षा खोटी नाही, मात्र जपून, कडेला घाव लागता कामा नये.

रुपयाखेरीज तांब्याचं खुर्दाही पुष्कळ निघतं. निजामाची नागमोडी तुघरा सही असलेलं दोन पैचं जाड नाणं, चौकोनी आणा, भोकाचं छोटं नाणं. यातलं भोकाचं इंग्रजी राजवटीचंही असू शकतं. १९४३ ते ४७ मध्ये इंग्रजांनी तांबं वाचवायला भोक पाडलेला पैसा काढला होता, आणि तो करदोड्यात ओवून लेकरांच्या कमरेला बांधायची पद्धत होती. चारमिनार किंवा फारसी लिहिलेलं असेल तर हाली, मुकुट असेल तर इंग्रजी.

बंजारा तांड्यांवर बायकांच्या दागिन्यांत अशी जुनी नाणी अजून आहेत. त्यांना कडी जोडलेली असल्यामुळे संग्राहकाला ती कमी किमतीची वाटतात, पण चांदीचं मोल कुठं जात नाही. डाग काढून नाणं सुटं करायच्या भानगडीत मात्र पडू नये, कारण मग दागिनाही जातो आणि नाणंही.

शिवराई, रामटंका आणि 'कंपनीचा आणा'

शेतात नांगरताना वेडंवाकडं, जाडसर तांब्याचं नाणं निघालं आणि त्यावर 'श्री राजा शिव' किंवा 'छत्रपति' यातली अर्धीमुर्धी अक्षरं दिसली तर ती शिवराई. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून, ही नाणी सुरू झाली आणि त्यांच्या नावानं पुढं दीडशे वर्षं पाडली गेली. दोन ओळींमध्ये दुहेरी रेघ असेल तर ती दुदांडी शिवराई, पेशवाईतली. हातानं ठोकलेली असल्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर सहसा मावत नाही. म्हणूनच सगळी अक्षरं ठसठशीत, कडा अगदी गोल आणि नाणं तुळतुळीत असेल तर आधी शंका घ्यावी. यात्रेत पाच-पन्नास रुपयांना तशा नकला मिळतात.

राम-सीता-लक्ष्मण एका बाजूला आणि हनुमान दुसऱ्या बाजूला असलेलं नाणं बहुतेक घरांत असतं. त्याला रामटंका म्हणतात. हे पूजेचं टोकन आहे, कोणत्याही राज्याचं चलन नाही. त्यावर कितीही जुनं साल कोरलेलं असलं तरी ते बहुधा अलीकडंच पाडलेलं असतं.

सर्वात जास्त फसवणूक होते ती 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' लिहिलेल्या, हनुमान, ओम किंवा कमळ असलेल्या तांब्याच्या आण्यात. कंपनीनं असं नाणं कधी काढलंच नाही. कंपनीच्या खऱ्या तांब्याच्या आण्यांवर देवाधिकांची चित्रं नाहीत. १८३५ च्या पाव आण्यावर कंपनीचं सिंहांचं चिन्ह आहे आणि तो आजही ढिगानं मिळतो. 'हे नाणं तांदूळ ओढतं, परदेशातली कंपनी कोट्यवधी देते' असं सांगून राइस पुलरच्या नावाखाली लोकांना गंडवलं जातं ते अशाच नाण्यांवर आणि भांड्यांवर. तांदळात लोखंडाचा कीस आणि नाण्यात चुंबक, एवढीच ती जादू.

परदेशी नाणं

नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला जगभरातून भाविक येतात, आणि आखाती देशांत कामाला गेलेली माणसंही दोन्ही जिल्ह्यांत भरपूर. त्यामुळे परदेशी नाणी इथल्या गल्ल्यात येणं साहजिक आहे. दहाच्या जागी सहज खपून जातात ती दोन धातूंची नाणी, म्हणजे दोन युरो, थायलंडचे दहा बात, ब्रिटनचे दोन पौंड. यांतलं दोन पौंड दहाच्या नाण्याहून जरा मोठं, बाकीची दोन किंचित लहान. पिवळं, अकरा कोनांचं आणि पाण्यातला पक्षी असलेलं नाणं कॅनडाचा डॉलर. लांब नळीची सुरई असेल तर अमिरातीचा दिरहम. इथं ती चालत नाहीत आणि पैसे बदलून देणारेही सहसा नोटाच घेतात. तिकडं जाणारं कोणी असेल तर त्याच्याजवळ द्यावीत.

जमिनीत किंवा भिंतीत सापडलं तर

एक नाणं निघणं वेगळं आणि गाडगं निघणं वेगळं. रझाकारांच्या काळात अनेक कुटुंबं रातोरात गाव सोडून गेली, नेता येईना ते पुरून गेली, असं आजही गावोगाव सांगतात. घराचा पाया खणताना अशी नाणी हाती लागली तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. जमिनीत किंवा जमिनीला पक्क्या असलेल्या कशातही, म्हणजे भिंतीतसुद्धा, लपवलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठं आणि कधी, एवढं अर्जात पुरतं.

कळवलं की सगळं सरकारजमा होतं, ही भीती बहुतेकांना असते. कायदा तसं म्हणत नाही. शंभर वर्षांच्या आत पुरलेलं असेल तर पुरणाऱ्याच्या वारसाला हक्क सांगता येतो. बेवारस ठरलं आणि शोधणारा व जागामालक वेगवेगळे असतील तर, त्यांच्यात दुसरा काही करार नसल्यास, तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक हिस्सा मालकाला मिळतो. सरकारला ते संग्रहालयासाठी हवं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. लपवलं तर मात्र हिस्सा जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आजीनं गाठोड्यात बांधून ठेवलेली नाणी या कायद्यात येत नाहीत. ती घरचीच.

फोनवरचा 'खरेदीदार'

फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे. जुन्या वस्तू विकण्याच्या साइटवर किंवा फेसबुकवर नाण्याचा फोटो टाकला की फोन येतो. किंमत ऐकून घरातले सगळे गोळा होतात. मग रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचं पत्र व्हॉट्सॲपवर येतं आणि नोंदणीचे, मग कराचे, मग 'फाईल क्लिअर' करायचे पैसे मागितले जातात. रक्कम आधी शेकड्यात असते, म्हणून माणूस देतो, आणि दिलेले बुडू नयेत म्हणून पुढचे देत जातो. रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर केलं आहे की ती जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नाही, कसलं शुल्क घेत नाही आणि तसा अधिकार कोणाला दिलेलाही नाही. 'नाणं परदेशात पाठवू' म्हणणाऱ्याला तर लगेच ओळखावं, कारण शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष कायद्यात येतं आणि ते कोणालाही असं देशाबाहेर पाठवता येत नाही. विकणारा तुम्ही, घेणारा तो, मग पैसे तुम्ही का भरायचे, एवढं विचारलं तरी पुरतं. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा.

दाखवायचं कुठं?

चांदीसाठी किमान दोन सराफांकडं वजन करून घ्यावं आणि नाणं हातातून सोडू नये. अभ्यासाच्या अंगानं विचारायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, ती फक्त याच विषयावर काम करते. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे. जवळचं म्हणाल तर धाराशिव जिल्ह्यात तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहाचं सरकारी संग्रहालय आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहनांच्या काळातल्या वस्तू तिथं बघायला मिळतात आणि लातूरहून एका दिवसात जाऊन येता येतं.

जाण्याआधी नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, सोबत मोजपट्टी ठेवावी, वजन लिहून घ्यावं. आणि चिंच, लिंबू, राख, भांड्याची पावडर यातलं काहीही लावून नाणं घासू नये. जुन्या नाण्यावर चढलेला काळसर-हिरवट थर हीच त्याच्या वयाची खूण असते. चकचकीत केलेलं नाणं बघताक्षणी संग्राहक निम्मी किंमत सांगतो. माती फारच असेल तर साध्या पाण्यात बुडवून सुती कापडानं नुसतं टिपावं आणि कागदात गुंडाळून ठेवावं. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते.